आमचे व्याही ओमानचं पाणी बघतात

आयुष्यात मला सर्वांत जास्त धक्के कुणी दिले असतील तर ते आमच्या व्याह्यांनी, आणि एकूण एक धक्के पाण्यापायी. माणूस तसा सरळ. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. बागलाणातलं नामपूर हे त्यांचं गाव. तिथे मोसम नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यातून एक पाट निघतो आणि त्या पाटावर कांदा नि डाळिंब पिकवण्यात त्यांची हयात गेली. पाटाचं पाणी शेतकऱ्यांनी आपापसांत पाळीपाळीनं वाटून घ्यायचं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. या पाळीला ते ‘बारी’ म्हणतात, आणि कुणाची बारी कधी सुरू झाली नि कधी संपली याचा निवाडा कित्येक वर्षं आमचे व्याहीच करत आले आहेत. त्यामुळे झालंय असं, की जगातली कुठलीही गोष्ट समोर आणा, तिथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढंच त्यांना दिसतं. ताजमहाल दाखवला असता तर त्यांनी मागच्या यमुनेची चौकशी केली असती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आमच्या केतकीला बघायला ते पहिल्यांदा नाशिकला आले तेव्हाची गोष्ट. बघायचं असं काही उरलं नव्हतं. त्यांचा तुषार आणि आमची केतकी कॉलेजात बरोबर होती आणि दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तरी रीत म्हणून आम्ही नवे पडदे लावले, ठेवणीतल्या कपबश्या काढल्या. व्याही आले, बसले, पाण्याचा पेला उचलला, एक घोट तोंडात घेतला आणि डोळे मिटले. गिळेनात. आमची ही माझ्याकडे बघायला लागली. अखेर घोट गिळून ते म्हणाले, “टाकी धुयेल नही शे.” मनाविरुद्ध काही घडलं की ते मराठी सोडून अहिराणीत शिरतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग ते उठले आणि जिने चढून थेट सोसायटीच्या गच्चीवर गेले. मागे तुषार “आबा, अहो आबा” करत धावतोय, त्याच्या मागे मी. टाकीचं झाकण उघडून त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना वर बोलावून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत टाकी धुऊन घेतल्यावरच खाली येऊन लग्नाची बोलणी केली. सेक्रेटरी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

नामपूरला झालेल्या लग्नात तर कहर झाला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, आणि वरबाप गायब! पाटावर कुणीतरी दुसऱ्याची बारी चालू असताना आपल्या वाफ्याकडे पाणी वळवल्याचा फोन आला आणि हे निकाल द्यायला गेले होते. शेवटच्या मंगलाष्टकाला आले ते घोट्यापर्यंत चिखलात माखलेल्या पायांनी, आणि तशाच ओल्या हातांनी अक्षता टाकल्या. माझ्या भावकीनं मला त्या दिवशी एका बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलगी नक्की कुठे दिलीस?

तर अशा माणसाबरोबर मी ओमानला गेलो. तुषारला तिकडे मस्कतला नोकरी लागली, केतकी तिथल्या एका शाळेत शिकवायला लागली, आणि दोघं आम्हाला कधीची बोलावत होती. आमच्या दोघांच्याही बायकांच्या गुडघ्यांनी नकार दिल्यामुळे निघालो आम्ही दोघे व्याहीच. विमानतळावरच्या तपासणीत व्याह्यांच्या पिशवीतून नामपूरच्या विहिरीच्या पाण्याची मोठी बाटली निघाली. ती आत नेता येणार नाही असं तिथल्या बाईंनी सांगितल्यावर हे रांगेतच उभे राहून घटाघटा पिऊ लागले. अर्धी संपल्यावर मागच्या माणसाला म्हणाले, “घ्या दोन घोट, फेकायला लावतील.” आणि त्या सुटाबुटातल्या माणसानं चक्क घेतले.

खरा धक्का मात्र विमान वर गेल्यावर बसला. “याही,” ते म्हणाले. त्यांच्याकडे व्याह्याला याही म्हणतात. “मी पोऱ्याले लेवाले चालनू.” म्हणजे, मी पोराला घेऊन यायला चाललोय! माझ्या हातातला ज्यूस मांडीवर सांडला. ते शांतपणे पुढे सांगत होते, “माझं आता वय झालं. पाटावर आमचा नियम हाय, जो बांधावर नाय त्याची बारी नाय. मीच केलेला नियम हाय तो. गाव सोडून गेले त्यांच्या बाऱ्या मीच दुसऱ्यांना लावून दिल्या. उद्या माझ्या पोराची बारी कोण ठेवंल? बोलावलं तर तो नाय म्हणायचा नाय.” मला भीती नेमकी तीच होती. तुषार बापाचा शब्द मोडणारा मुलगा नव्हे. आणि केतकी? तिची शाळेतली नोकरी नुकतीच पक्की झाली होती, फोनवर ती इतकी खुशीत असायची की आम्ही इकडे हसत सुटायचो. तिचं सगळं तिथेच मोडणार होतं, आणि मुलीच्या बापानं व्याह्यांना कोणत्या तोंडानं नको म्हणायचं असतं? मी ओल्या पँटनं मस्कतला उतरलो.

त्यानंतरचे दिवस मी देश बघितला तो असा, की एक डोळा देखाव्यावर आणि एक व्याह्यांच्या तोंडावर. आता बोलतात की मग बोलतात! पहिल्या संध्याकाळी मुलांनी आम्हाला समुद्रावर नेलं. निळंशार पाणी, पांढरी घरं, मागे काळेकभिन्न उघडे डोंगर. व्याह्यांनी समुद्राकडे एकदा पाहिलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. “एवढं पाणी अन् एक वाफा भिजत नाय,” असं म्हणून ते डोंगर बघत राहिले. डोंगर मात्र त्यांना ओळखीचे वाटले. साल्हेर-मुल्हेरचीच भावंडं, फक्त उन्हात जास्त राहिलेली, असं त्यांचं मत पडलं. घरी आल्यावर त्यांनी नळाचं पाणी चाखलं, डोळे मिटले आणि चांगलं आहे असा निर्वाळा दिला. हे पाणी त्याच समुद्राचं मीठ काढून केलेलं आहे, असं तुषारनं सांगितलं मात्र, व्याही पेला हातात धरून थिजलेच. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून ते पुन्हा समुद्रावर घेऊन गेले. या वेळी तोंड समुद्राकडे करून बसले, आणि निघताना चक्क त्याला हात जोडले.

मस्कतची मोठी मशीद बघून माझे डोळे दिपले. काय ते झुंबर, काय तो गालिचा, पाय ठेवायला जीव होईना! व्याही माझ्या शेजारी टोपी सारखी करत आदबीनं उभे होते. माझ्या मनात आलं, आता तरी माणूस पाणी विसरला. तेवढ्यात त्यांनी तिथल्या एका कर्मचाऱ्याला गाठून विचारलं, “भाईसाब, इतने लोग हातपाय धोते, वो पानी आगे किधर जाता?” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या सज्जनाला उत्तर माहीत नव्हतं. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि बघता बघता झुंबराकडे पाठ करून माणसांचा एक घोळका हातवारे करत चर्चा करायला लागला. त्यातल्या एका म्हाताऱ्या माळ्यानं व्याह्यांचा हात धरून त्यांना मागच्या बागेत नेलं. परत आले तेव्हा दोघं जुन्या मित्रांसारखे हसत होते.

मग आम्ही डोंगरात गेलो. एका उतारावर खजुरीच्या बागांचे टप्पे आणि मातीच्या रंगाची घरं असलेलं ते गाव होतं. डोंगराच्या पोटातून निघालेलं पाणी दगडी पाटानं त्या गावात येतं नि बागाबागांतून फिरतं. त्याला तिकडे ‘फलज’ म्हणतात. तुषार आम्हाला हे सांगत असताना मी मागे वळून बघितलं तर व्याही नव्हते. पाटाच्या कडेकडेनं धावत वर गेलो, आणि बघतो तर काय! लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचून व्याही पाटात उभे होते. एका बागेच्या तोंडातला दगड आणि चिंध्यांचा बोळा काढून त्यांनी तो दुसऱ्या तोंडात घट्ट कोंबला होता. पाण्यानं वाट बदलली होती!

“अहो व्याही, हे काय केलंत? परक्या देशात परक्याचं पाणी!”

“ती बाग काठोकाठ भरली, याही. पाणी वाटेवरून वाहून चाललं. अन् ही खालची बघा, कोरडी ठाक. डोळ्यांसमोर वाया जातंय, मी काय नुसता उभा राहू?”

ज्या अपराधासाठी या माणसानं नामपुरात लोकांना भर चावडीत उभं केलं, तोच अपराध हा ओमानात करून बसला होता. तुषारचा चेहरा पांढराफटक. आता पोलीस, आता नोकरी, आता व्हिसा, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. एवढ्यात वरच्या पायऱ्यांवरून पांढऱ्या पायघोळ झग्यातला एक म्हातारा काठी टेकत उतरला. त्यानं पाणी बघितलं, व्याह्यांचे ओले पाय बघितले. तरुणपणी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे काम केल्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं.

“तुमने किया?”

“हां चाचा. इसकी बारी तो हो गई ना? बाग भर गया, पानी फालतू जाता था.”

बारी हा शब्द म्हाताऱ्याला समजला. त्यानं काठीनं शेजारच्या मोकळ्या जागेकडे दाखवलं. तिथे वेळ मोजायला एक खांब रोवलेला होता आणि त्याची सावली जमिनीतल्या दगडाच्या अलीकडे होती. “अभी बाकी है,” तो म्हणाला.

“लेकिन आदमी किधर है? बाग में कोई नहीं!”

“मस्कत में. उधर काम करता है.” म्हातारा जराही आवाज न चढवता म्हणाला, “वो नहीं है. बारी उसका है.”

तुषार इंग्रजी, हिंदी, अरबी, सगळ्या भाषांत एकदम माफी मागायला लागला. आयुष्यभर न्याय देणारा माणूस आरोपी झाल्यावर कसा दिसतो, ते मी प्रथमच बघत होतो. व्याह्यांचा चेहरा लहान झाला. वाकून त्यांनी आपल्या हातांनी बोळा काढला आणि दगडासकट पुन्हा पहिल्या जागी लावला. पाणी परत त्या भरलेल्या बागेत शिरलं नि वाटेवरून वाहायला लागलं. म्हातारा पाटाच्या कडेला बसला, व्याह्यांना त्यानं शेजारी बसवलं, खिशातून खजूर काढून दिले. दोघं जण गावात नसलेल्या माणसाचं पाणी वाहताना बघत बसले. “बेटे?” व्याह्यांनी विचारलं. “मस्कत,” म्हातारा म्हणाला. “मेरा भी,” व्याही म्हणाले.

सावली दगडाला लागली तशी म्हाताऱ्यानं मान हलवली. व्याह्यांनीच उठून पाणी वळवलं. “अब किसकी बारी?” म्हाताऱ्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ती कोरडी ठाक बाग त्याची स्वतःची होती. व्याह्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपी काढून हातात घेतली.

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी टोपी डोक्यावर घातलीच नाही, हातातच धरून बसले. मला ते अजिबात आवडलं नाही. संध्याकाळी केतकीनं वांग्याचं भरीत नि कळण्याची भाकरी केली होती. पहिला घास हातात धरूनच व्याही म्हणाले, “तुषार.” मी हातातली भाकरी ताटात ठेवली. आलं! “तुनी बारीवर मी पानी लावसू. मी शे तवर. मंग दुसरं कोनी लावी. पन बारी तुनीच ऱ्हाई.” जरा थांबून ते म्हणाले, “तू आठे निवांत ऱ्हाय.” म्हणजे, तू इथेच निवांत राहा! गावातला तो नियमही जाऊन बदलणार, गाव सोडून गेलेल्या सगळ्यांच्या बाऱ्या परत लावणार, असंही त्यांनी सांगितलं. व्याही कशासाठी आले होते, हे पोरांना ठाऊकच नव्हतं. तरी तुषारच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण बापाची अहिराणी कधी निघते, ते त्याला कळतं. मी इतका खूश झालो की भरीत तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

नाशिकला परतल्यावर एक रात्र ते आमच्याकडे राहिले आणि सकाळी मी त्यांना सटाण्याच्या गाडीत बसवून द्यायला द्वारका चौकापर्यंत गेलो. ट्रक, रिक्षा, हॉर्न यांच्या गदारोळात आम्ही उभे होतो. माझं मन अगदी हलकं होतं. केतकीची नोकरी राहिली, संसार राहिला, मला हवं होतं तेच झालं होतं.

“याही, एक इचारू का?” व्याही म्हणाले. “तुम्ही पोरीला कधी म्हणला का, परत ये म्हणून?”

“नाही बुवा. कशाला?”

“मनात येतं का?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला पाण्याशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं. रोज येतं, हे मी आजवर आमच्या हिलासुद्धा बोललेलो नाही. तेवढ्यात गाडी आली आणि मी त्यांची पिशवी वर चढवून दिली. ते खिडकीशी बसले, बाहेर वाकले आणि माझा हात त्यांनी आपल्या खरबरीत हातात धरला. “येऊ द्या,” ते म्हणाले. “मनात येऊ द्या. फक्त तिला सांगू नका.”

गाडी सुटली. सकाळच्या त्या गर्दीत मला माझ्या पोरीची इतकी आठवण आली, की बराच वेळ मला रस्ता ओलांडता आला नाही.