काका मेसेज वाचून दाखवतात

आमच्या कॉलनीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन काका द्वारका चौकाजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतात. शिवीगाळ असलेला मेसेज ते न विचारता काढून टाकतात. पण जो ठेवावा की काढावा हे कळत नाही, तो ते लिहिणाऱ्यालाच फोन करून सावकाश वाचून दाखवतात आणि विचारतात, "ठेवू?" लोक चिडतात. काका चिडत नाहीत.

एकदा मी फोटो टाकला. गेटजवळ एक अनोळखी बाई रोज सकाळी गाठोडं घेऊन बसायची, तिचा. खाली लिहिलं, "मुलांकडे लक्ष ठेवा. फक्त माहितीसाठी." लगेच तिघांनी लिहिलं, "हाकलून द्या तिला."

मला फोन आला, पण काकांनी वाचून दाखवलं नाही. "ताई, खाली या," एवढंच म्हणाले.

ते गेटवर त्या बाईशेजारी उभे होते. "ह्या सुरगाण्याच्या. कामावर न्यायची जीप इथंच येते. ह्यांच्यासमोर वाचू?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. "काय लिवलंय, ताई?"

मी मेसेज डिलीट केला. काका "बरं" म्हणाले आणि दुकानाकडे निघाले.

आता ग्रुपवर काही पाठवण्याआधी मी खोलीचं दार लावून ते मोठ्याने वाचते. बहुतेक वेळा पाठवत नाही.