ऑरव्हिल बेंडरची ताडपत्री

केलर्सबर्गच्या बेसबॉल मैदानावर ऑरव्हिल बेंडर एकोणीस वर्षं राबला. कोणी त्याला माळी म्हटलं की तो फावडं खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "माळी तुझ्या सासूच्या बागेत. मी मैदान राखतो." आणि राखायचाही तसंच. गवत त्याच्या हातचं, चेंडू टाकणारा पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा त्याच्या हातचा, चुन्याच्या रेघासुद्धा तो दुसऱ्या कोणाला मारू द्यायचा नाही.

त्याला फुशारकी एकाच गोष्टीची होती. पाऊस थांबल्यावर त्याच्या मैदानामुळे एकही सामना कधी रद्द झाला नव्हता. पाऊस पडतोय तोवर देवाची मर्जी, पण थांबला की दोन तासांत खेळ सुरू. लीगमधल्या आठही गावांत हे माहीत होतं, कारण ऑरव्हिल ते भेटेल त्याला ऐकवायचा. बायको व्हर्ना कंटाळून म्हणायची, "आता एवढं माझ्या थडग्यावर कोरून घे, म्हणजे तिथे येणाऱ्यांनाही कळेल."

गुपित काही नव्हतं. आभाळ भरलं की तो शिट्टी मारायचा, समोरच्या अग्निशमन ठाण्यातले सहा जण धावत यायचे, आणि मातीच्या सगळ्या भागावर ताडपत्री ओढली जायची. बस्स, एवढंच. पण आभाळ कधी भरतंय हे बाकीच्यांना कळायच्या आधी त्याला कळायचं.

१९५३चा हंगाम आम्हा गावकऱ्यांना चांगलाच महागात पडला असता. घरोघरी टेलिव्हिजन आले होते, बाकं रिकामी पडत होती. वरचा मोठा क्लब आमच्यासारख्या लहान संघांना पोसायचा. त्या हिवाळ्यात तो दोन गावं सोडून देणार, हे सगळ्यांना कळलं होतं. लीग जिंकणाऱ्या गावाला मात्र हात लावणार नव्हते. शेवटच्या रविवारी गणित असं होतं की आम्ही डॅनफर्थच्या अर्ध्या सामन्याने पुढे, आणि उरलेला एकच सामना त्यांच्याशी, आमच्या मैदानावर. आम्ही हरलो तर विजेतेपदाचं निशाण डॅनफर्थला. सामना झालाच नाही तर निशाण आमचं, कारण शेवटच्या दिवशी राहिलेला सामना पुन्हा खेळवायचा नाही असा लीगचा नियम होता. आणि आमच्या सगळ्यात चांगल्या पिचरचा खांदा तेव्हा असा सुजला होता की त्याला शर्टसुद्धा दुसऱ्याने घालून द्यावा लागे.

शनिवारी संध्याकाळी आमच्या क्लबचा अध्यक्ष क्लाइड मॅकनॅब मैदानावर आला. क्लाइडची लाकडाची वखार. तो आणि ऑरव्हिल शाळेत एका बाकावर बसलेले. पश्चिमेला आभाळ काळंकुट्ट झालं होतं आणि ऑरव्हिल शिट्टी तोंडाला लावतच होता.

"थांब जरा," क्लाइड म्हणाला.

"थांबून काय? अर्ध्या तासात कोसळेल."

"कोसळू दे."

ऑरव्हिलने शिट्टी खाली घेतली. त्याला सगळं समजलं, आणि आपल्याला इतक्या लवकर समजलं याचाच त्याला राग आला.

"क्लाइड, हे मला सांगू नकोस."

"मग कोणाला सांगू? पाद्रीबुवांना? उद्या हरलो तर पुढच्या वर्षी इथे मका लावतील. तुझ्या गवतावर. एक रात्र ताडपत्री घालायची राहिली म्हणून काय आभाळ फाटणार आहे?"

"माझं नाव जाईल त्याचं काय?"

"नाव तुझं जाईल, संघ गावाचा राहील. बघ बाबा, तूच ठरव. आणि हे तुझ्या-माझ्यात. व्हर्नालाही नाही. तिची बहीण डॅनफर्थला, दर रविवारी फोनवर असतात दोघी."

ऑरव्हिल बराच वेळ पिचरच्या उंचवट्यावर उभा राहिला. मग शिट्टी खिशात टाकून घरी गेला. जेवताना व्हर्नाने विचारलं, "घातली ना ताडपत्री?" तो बटाट्यांकडे बघत म्हणाला, "घातली."

पाऊस रात्रभर पडला आणि सकाळी दहाला थांबला. ऊन पडलं. दुपारी दोनचा सामना. बाराला पंच गस लिंडक्विस्ट आला आणि कुंपणापाशीच उभा राहिला. तिसऱ्या बेसजवळ पाणी साचलं होतं आणि त्यात दोन बदकं होती. खोटं नाही, खरोखरची बदकं.

गसने भुसा टाकायला लावला. मग पेट्रोल ओतून मातीवर जाळ करायला लावला, चिखल वाळवायची तेव्हाची तीच पद्धत. पेट्रोल ऑरव्हिलनेच ओतलं, काडीही त्यानेच लावली. पाणी वीतभर खाली मुरलंय आणि वरवर जाळून काही होणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? आग विझल्यावर गसने बूट रोवला तो घोट्यापर्यंत आत गेला. डॅनफर्थची पोरं बसपाशी उभं राहून शिव्या घालत होती.

गसने ऑरव्हिलला बाजूला घेतलं.

"ताडपत्री का नव्हती? हे बघ, कोणी सांगून घालू दिली नसेल तर मी सामना डॅनफर्थला बहाल करणार. नियमच आहे तो. दुसऱ्या कोणाला मी विचारलंही नसतं. पण तू जे सांगशील ते मी लिहीन."

ऑरव्हिलला वाटलं, सांगून टाकावं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. कुंपणापलीकडे अर्धं गाव उभं होतं, टोप्या हातात घेऊन, चर्चमध्ये असल्यासारखं गप्प.

"विसरलो," तो म्हणाला.

"विसरलास? तू?"

"वय चौसष्ट झालं, गस. गेलं डोक्यातून."

गस रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने ऑरव्हिलच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरला दाखव रे एकदा." मग वहीत लिहिलं: मैदान खेळण्याजोगं नाही, राखणदाराची विस्मृती.

निशाण आमचं झालं. रस्त्यावर बँड निघाला, वखारीसमोर बिअर वाहिली, आणि संघ गावात राहिला. एवढं मात्र क्लाइडने खरं करून दाखवलं.

नोव्हेंबरात क्लाइड ऑरव्हिलच्या घरी आला. टोपी काढली, पण बसला नाही.

"डॅनफर्थवाले अजून ओरडतायत. तुला ठेवलं तर म्हणतील, विसरणाऱ्या माणसाला कोण ठेवतं, म्हणजे नक्की याने मुद्दाम केलं. निशाण काढून घेतील. तुला जावं लागेल, ऑरव्हिल."

"म्हणजे मी गेलो की मी विसरलो हे खरं ठरेल."

"तसंच काहीसं."

ऑरव्हिलने फावडी, चुन्याची गाडी, कुदळ, सगळं धुऊन पुसून परत केलं. क्लबने त्याला एक डुलती खुर्ची दिली. तिच्यात तो एकदाही बसला नाही.

मग गाव सुरू झालं. गाव वाईट नव्हतं हो, तीच तर पंचाईत. वाईट असतं तर त्याने चार शिव्या हासडून सरळ केलं असतं. वाणी त्याला सामान दिल्यावर यादी मोठ्याने वाचून दाखवायला लागला. न्हावी म्हणायचा, "घर डावीकडे बरं का, मिस्टर बेंडर." रस्ता ओलांडताना कोणीतरी त्याचं कोपर धरायचं. हिवाळ्यात चर्च गरम ठेवणारी भट्टी दर रविवारी पहाटे तोच पेटवायचा. पाद्रीबुवांनी अगदी प्रेमाने भट्टीघराची किल्ली मागून घेतली. पहिल्यांदा ऑरव्हिल मनात हसला. नाताळपर्यंत हसू संपलं. फेब्रुवारीत तो खरोखरच चष्मा कुठेतरी विसरला, आणि दिवसभर त्याला काही सुचलं नाही.

एप्रिल आला. नव्या हंगामाचा पहिला सामना चार दिवसांवर होता. सकाळी नाश्त्याला बसण्याआधी ऑरव्हिल मैदानावरून चक्कर मारून आला तो लालबुंद होऊनच.

"पाऊस परवा थांबला आणि त्या नव्या राखणदार गाढवाने ताडपत्री अजून काढली नाही! कडेचं सगळं गवत पिवळं पडलंय. गुदमरून मारतोय तो मैदान!"

"असू दे," व्हर्ना म्हणाली. "आता तुला काय त्याचं?"

"मला काय?" त्याने टेबलावर मूठ आपटली. "व्हर्ना, मी विसरलो नव्हतो. ऐकतेस ना? शिट्टी माझ्या तोंडात होती. क्लाइड आला, म्हणाला घालू नकोस. पंचाशी खोटं बोललो मी. तुझ्याशीही बोललो, याच टेबलावर. एकोणीस वर्षांत एकदाही विसरलो नाही मी, एकदाही नाही!"

 बोलून झाल्यावर त्याला छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने बायकोच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने त्याच्या मुठीवर हात ठेवला.

"हो रे राजा," ती म्हणाली. "क्लाइडने मला नोव्हेंबरातच सांगितलं होतं. म्हणाला, पुढे पुढे विसरणं वाढलं की तो असं काहीतरी बोलेल, माझंही नाव घेईल. तू वाद घालू नकोस, नुसतं हो म्हण."

मग तिने त्याची ताटली स्वतःकडे ओढली आणि त्याच्या टोस्टला लोणी लावून दिलं.