पद्मजाबाईंची फरशी

एकतीस वर्षं पद्मजाबाई शेंड्यांनी रेल्वे क्वार्टरच्या सिमेंटवर पोछा मारला. तिथे काही निवडायचा प्रश्नच नव्हता. मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, नवऱ्याने, अनंतरावांनी, निवृत्तीआधी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि बाईंनी आयुष्यातली एकच मागणी केली, "पायाखालचं मी ठरवीन."

अनंतराव हो म्हणाले. मुलगा शेखर मात्र नव्या सचिवालयात चिकटलेला, साहेबांच्या केबिनमधला गालिचा त्याच्या डोक्यात बसलेला. त्याला हॉलभर लाल कारपेट हवं होतं. राजधानी झाली म्हणून रायपूरचं ऊन काही कमी झालेलं नाही, हे त्याला कोण सांगणार?

बाईंनी भनपुरीच्या भैय्यालाल मिस्त्रीला फोन लावला. "भैया, हॉल में फरशी लगेगी, अच्छी वाली."

"हव दीदी," तो म्हणाला.

आता मराठी माणसाची फरशी म्हणजे दुकानातली गुळगुळीत टाइल, आणि रायपूरच्या मिस्त्रीची फर्शी म्हणजे खाणीतला दगड, अंगणात नि नालीवर टाकतात तो. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण बोलायच्या वेळी घरचा शब्द तोंडात आला, त्याला इलाज काय?

शनिवारी मजुरांनी दगड वर चढवून हॉलमध्ये रचले.

"मम्मी, ये तो नाली पे डालते हैं," शेखर म्हणाला.

"तू काय सांगतलं त्याले?" अनंतरावांनी कपाळाला हात लावला.

भैय्यालालने बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. "साब, वापस ले जाऊँ?"

वास्तुशांतीला तीन आठवडे होते. शेखर कारपेटवाल्याचा नंबर शोधू लागला. बाईंचा चेहरा पडला. एवढं एक मागितलं होतं, तेही हातचं चाललं होतं.

त्यांनी चपला काढल्या आणि दगडावर उभ्या राहिल्या. मे महिन्यातली भर दुपार, पंखा अजून बसलेला नाही, आणि तळपाय गार. त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

"वापस काहून? हेच लागीन," त्या म्हणाल्या. "भैया, लगाओ. घिसाई मशीन से करना."

शेखरला त्याच्या खोलीपुरतं कारपेट मिळालं. हॉलमध्ये बाई रोज स्टूल टाकून बसल्या. दोन दगड डुगडुगले, ते त्यांनी उखडून पुन्हा बसवायला लावले. जमीन उंच झाली नि दारं अडली, तर सुतार बोलावून खालून तासून घेतली. घासायचं मशीन फिरलं आणि नालीवरच्या त्या दगडातून निळसर झाक वर आली. भैय्यालाल स्वतःच त्या दगडावरून हात फिरवत राहिला.

वास्तुशांतीच्या दिवशी जेवणं झाली आणि वीज गेली. पाचच मिनिटांत पाहुण्यांनी सोफा सोडला, पुरुष मंडळी बनियनवर जमिनीवर आडवी झाली. शेखरच्या कारपेटवर कोणी पाय ठेवीना. थोड्या वेळाने तो स्वतःच उशी घेऊन हॉलमध्ये आला आणि आईशेजारी लवंडला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तोंडाला पदर लावला.

पुढच्या आठवड्यात भैय्यालाल बाल्कनीचं माप घ्यायला आला. अनंतरावांनी दार उघडलं, चष्मा लावला आणि काय लावायचं ते सांगायला सुरुवात केली. भैय्यालालने त्यांना नमस्कार केला आणि त्यांच्या बाजूने सरळ स्वयंपाकघराशी गेला.

"दीदी, बालकनी में क्या लगेगा?"

बाईंनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि उत्तर द्यायला चांगला वेळ घेतला.