मधूनं भरलेलं शेवटचं पिंप

सुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी नव्या घरात स्वयंपाकघराच्या कपाटांत कागद अंथरत होतो. त्या रडत नव्हत्या. "भाऊजी, हे बर्फ काढून आत आले, खुर्चीत बसले, आणि…" एवढंच म्हणाल्या. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, आमची घरं तशी जवळच. मी पोचलो तोवर अँब्युलन्स मधूला घेऊन गेली होती. दाराशी त्याचं फावडं उभं होतं, त्यावरचा बर्फ अजून वितळला नव्हता. त्याला आता दीडेक महिना होईल.

मधू आणि मी इथल्या युनिव्हर्सिटीत एका खोलीत राहिलो. माझे वडील सोलापुरात मागावर बसायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ असते. मधूचे आजोबासुद्धा वकील होते. पण त्यानं मला कधी सांभाळून घेतलं नाही. भांडला तो बरोबरीनं. "इंजिनिअरसाहेब, भांडी आज तुमची," म्हणायचा आणि खुशाल झोपायचा. ही बरोबरी मला फार थोड्यांनी दिली…

घरी बिअर करायचं वेड त्याला नोकरी लागल्यावर जडलं. बिअर चांगली व्हायची, पण बाटल्या धुताधुता जीव जायचा. म्हणून त्यानं ठरवलं, बाटल्या बंद, आता केग, म्हणजे सगळी बिअर एका पिंपात. हॉटेलांत कोल्ड्रिंकचा पाक ज्यांतून येतो तसली स्टीलची उभी पिंपं त्यानं भंगारवाल्याकडून आणली. गराजमध्ये जुना फ्रिज लावला, त्याच्या दाराला भोक पाडून नळ बसवला, आत सोडावॉटरमधल्या गॅसचा सिलिंडर ठेवला; त्याच्या दाबानं बिअर नळाला येते. पिंपाच्या झाकणाच्या रबरी रिंगांना कोल्ड्रिंकचा वास धरलेला असतो, म्हणून त्या नव्या मागवल्या. हरवू नयेत म्हणून मधूनं त्या स्वयंपाकघरातल्या एका रिकाम्या डबीत घालून ठेवल्या. डबी हिंगाची होती.

पहिलं पिंप उघडायला त्यानं ऑफिसातली माणसं बोलावली. त्याच्या साहेबानं घोट घेतला आणि यात मसाला कुठला म्हणून अदबीनं विचारलं. मी प्यालो आणि मला थेट आमटी आठवली. वहिनी तर हसूनहसून जमिनीवर बसल्या; माझ्या डबीला हात लावताना मला विचारलं होतंत का, म्हणाल्या. मधू गंभीरपणे माझ्याकडे वळला. "शंकर, हिंगाची बिअर अमेरिकेत आपणच आणली. पेटंट घेऊ यार."

या हिवाळ्यात मी घर घेतलं. आमच्या घराण्यातलं पहिलं स्वतःचं घर. आईवडिलांना येणं जमणार नव्हतं. मधू म्हणाला, माणसं मी जमवतो, बिअरही माझी. त्यानं पिंप भरलं, गॅस जोडला, दोन आठवडे मुरू दे म्हणाला. ते दोन आठवडे संपायच्या आत तो गेला.

दिवस झाल्यावर वहिनींनी फ्रिज, सिलिंडर, पिंप सगळं माझ्याकडे पाठवलं. माझा हात नळाकडे जाईना. मधूच्या हातचं एवढंच उरलं होतं. ते संपलं की तो संपला, असं काहीतरी मनात बसलं होतं. शिकलेल्या माणसानं असं म्हणू नये, पण तसं होतं… शेवटी एका रविवारी दुपारी वहिनीच आल्या. मधू ज्यांना बोलावणार होता, त्या सगळ्यांना घेऊन आल्या.

"भाऊजी, ठेवून ठेवून ती नासेल. त्यांनी तुमच्या घरासाठी केली होती ना? दाखवा मग घर."

मी घर दाखवलं. मग नळ सोडला. पहिला ग्लास वहिनींना दिला. कधी बिअरला न शिवणाऱ्या बाईनं एक घोट घेतला आणि ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला. बिअर उत्तम होती. त्यानं आजवर केलेली सगळ्यांत उत्तम. आणि ते त्याला सांगता येत नव्हतं. संध्याकाळी नळातून नुसता गॅस यायला लागला.

सगळे गेल्यावर मी पिंप धुतलं. मधू धुतलेलं पिंप कधी तसंच ठेवायचा नाही. झाकण लावून आत गॅस भरायचा, म्हणजे बाहेरचं काही आत शिरत नाही. मीही तसंच केलं, त्याच्याच सिलिंडरमधला गॅस भरला. आता ऑफिसातून आलो की आधी गराजमध्ये थांबतो, झाकणावरची गॅस सोडायची कडी जराशी ओढतो. फुस्स होतं. दाब टिकून आहे. कडी लगेच सोडतो, आणि घरात जातो.