ओ देणारी गाडी

दौलतभाऊ जीप सुरू केल्यावर लगेच निघत नसत. मागे माणसं दाटीवाटीने बसलेली, कोणाच्या मांडीवर पोर, कोणाच्या मांडीवर कोंबडी. हे मात्र मान तिरकी करून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय एकदाच दाबायचे आणि ऐकत राहायचे. इंजिन लगेच गुरगुरलं तर चेहरा खुलायचा. जरा दम खाऊन गुरगुरलं तर दिवसभर कोणाशी धड बोलायचे नाहीत. "हाक मारली का ओ देल्ली पाह्यजे," असं ते येताजाता म्हणत. माणसांनाही त्यांचा हाच निकष होता. जावई पाहायला गेले तेव्हा शिक्षण विचारलं नाही, शेती विचारली नाही. पोरगा पाठमोरा असताना हळूच नाव घेतलं. तो चटकन वळला. घरी येऊन बायकोला म्हणाले, "पक्कं कर. पिकअप चांगला हाय."

मी महागावजवळच्या त्या गावात नर्स म्हणून गेले, तेव्हा आमच्या लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. दौलतभाऊ आमच्यातलेच. गावात मोटार अशी एकच, त्यांची. महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेली पेट्रोलची जीप. त्यांच्याकडे आली तेव्हाच ती थकलेली होती. एरवी तिच्यातून बाजाराची माणसं जायची. पण अडलेली बाई यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची असली, की दौलतभाऊ बाजारवाल्यांना सरळ खाली उतरवत. कोणी कुरकुरलं तर म्हणत, "बाजार पुढच्या हप्त्यातबी भरते. तू उतर."

यवतमाळच्या वाटेवर एक लांब चढ होता. माझ्या पहिल्याच वर्षी त्या चढावर एक बाई गेली. मी मागे तिचा हात धरून बसले होते. अर्ध्यावर गाडीचा दम सुटला, गियर बदलता बदलता ती बंदच पडली. चाकाला दगड लावले, पुन्हा सुरू केली, आणि माथ्यावर पोचेपर्यंत माझ्या हातातला हात गार झाला होता. परतताना दौलतभाऊ एवढंच बोलले, "नर्सबाई, मी पाय दाबला व्हता. गाडी बोललीच नाही." ती बाई कदाचित तशीही वाचली नसती, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "असंन. पण आता ते कसं कळंन?"

तेव्हापासून त्यांना ध्यास लागला. दिसेल त्या ट्रकवाल्याला थांबवून विचारायचे, जोर वाढवायला काय बदललं? एकदा लोहाराचा भाता पाहून आले आणि माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाले, "विस्तवाले हवा देल्ली का पेटते. मंग इंजिनाच्या तोंडात हवा कोंबली तं?" मी म्हटलं, मला बाळंतपणातलं कळतं, मोटारीतलं नाही. तर मलाच समजावत बसले. यवतमाळच्या मिस्त्रीने त्यांना सांगितलं की अशी हवा कोंबणारे पंखे मोठ्या मशिनींना असतात, पण या म्हातारीला लावला तर आतले पिस्टन फुटतील. मग मोठा कार्बोरेटर बसवायचं डोक्यात आलं. मिस्त्रीने तेही मोडून काढलं. मोठ्या कार्बोरेटरने सपाटीवर पळेल, पण चढावर पाय दाबला की आधी आवंढा गिळेल. "तुले पळवाची हाय का चढवाची, ते एक ठरव," तो म्हणाला.

"मले पळवाची नाही. मले ओ पाह्यजे," असं ठरवून दौलतभाऊ परतले. कार्बोरेटर जुनाच ठेवायचा, पिस्टनच्या रिंगा नव्या टाकायच्या, व्हॉल्व्ह घासायचे आणि इंजिनाचं वरचं झाकण, हेड, यवतमाळच्या कारखान्यात थोडं तासून घ्यायचं, म्हणजे आतला दाब वाढतो. या सगळ्याला गाडी बरेच दिवस उघडी राहणार होती. कधी उघडायची एवढंच बाकी राहिलं.

त्याच सुमाराला थोरली लेक शांता पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. आता गाडी लेकीसाठीच तयार करायची, नववा लागायच्या आत, असा त्यांचा हिशोब. सातवा सरला आणि त्यांनी बॉनेट उघडलं. मी जाऊन म्हटलं, "दौलतभाऊ, आठव्यातही काही होऊ शकतं." त्यांची बायको सखुबाई माझ्या तोंडावर हात ठेवायचीच बाकी राहिली. "त्याचं नाव नोका घेऊ, बाई." सातव्यातलं मूल जगतं, नवव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आमच्या बाया मानत. म्हणून पोटुशी घरात असली की तो महिना उच्चारायचाच नाही. सातव्यानंतर सगळे नवव्याचंच बोलायचे. आमच्या घरांतून देव गेले होते, पण आठवा महिना गेला नव्हता. मला राग आला, आणि दौलतभाऊंकडे पाहिलं तर ते पाना पुसत होते. ज्याचं नाव घ्यायचं नाही तो महिना त्यांनी मोजलाच नव्हता. मोकळे दिवस म्हणून तेच गाडीला दिले होते.

एका दुपारी शांताला रक्त जायला लागलं. मला बोलावलं तेव्हा पाहताक्षणी कळलं की हे माझ्या हातचं नाही. यष्टी सकाळीच गेलेली. जीप अंगणात गोणपाटाखाली, रिंगा परातीत रॉकेलमध्ये बुडवलेल्या, आणि हेड यवतमाळला. जिथं लेकीला पोचवायचं होतं, तिथं ते आधीच पोचलं होतं. बैलगाडी जुंपली. कापसाचा एखादा ट्रक अडवावा म्हणून दौलतभाऊ पुढे पक्क्या सडकेकडे धावत सुटले. गाडीत शांता माझ्या मांडीवर डोकं ठेवून "बाबा, बाबा" करत होती. ते फार पुढे गेले होते. त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

ट्रक मिळाला. शांता वाचली. मुलगी मात्र मोठ्या दवाखान्याच्या दारातच जन्मली आणि रडलीच नाही.

हेड तासून आलं, गाडी जोडली गेली. तो चढ ती आता एका दमात घ्यायची. ट्रकवाले खिडकीतून हात करून शाबासकी देत. दौलतभाऊ पाहायचे नाहीत. शांता वाटेभर त्यांना हाका मारत होती हे माझ्याकडून कळल्यापासून पूर्वीसारखा कान लावून ऐकणंही सुटलं. एक नवी सवय मात्र लागली. प्लग जरी काढायचा असला तरी आधी ते वस्तीतून, मग गावातून घरोघर फिरायचे आणि दारात उभं राहून मोठ्याने विचारायचे, "कोणाले आठवा हाय का?" पहिल्यांदा बाया पदर तोंडाला लावून आत पळाल्या. एकीने शिव्याही दिल्या. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या दारात तेच विचारायचे. पुढे पुढे सुनांना सासवाच सांगू लागल्या, "लागला तं दौलतले सांगून ठेव." शांता दुसऱ्यांदा आली, तेव्हा अख्खा आठवा ते जीप सोडून कुठे गेले नाहीत, जेवणाचं ताटही तिथंच मागवायचे. नववा भरून मुलगा झाला, घरीच, माझ्या हातून. जीप लागलीच नाही.

माझी बदली झाली तेव्हा त्यांनीच मला यवतमाळला सोडलं. चढ आला, त्यांनी पाय दाबला, गाडी सरसर वर निघाली. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हटलं, "आता कशी लगेच ओ देते."

माथ्यावर त्यांनी पाय सैल केला. मग म्हणाले, "देते, बाई. गाडीचं काई नव्हतं. पोरीनं हाक मारली तवा ओ मले द्याची व्हती."

पुढे उतार होता. त्यांनी गियर बदलला आणि गाडी हळू घेतली.