विमानाच्या पुस्तकातला वेग

आमच्या मालकांनी जुनं चार सीटचं विमान घेतलं अन् माझ्या डोक्याला ताप झाला. मी त्यांचा पायलट. त्यात माझं गाव तलवाडा, त्यांच्या माजलगावाजवळचंच, म्हणजे घरचाच माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं काय, तर "ॲव्हरेज किती देतं?"

विमानासोबत आलेलं पुस्तक मात्र त्यांनी पाठ केलं होतं. अहो, ते लिहिलं तेव्हा विमान कोरं करकरीत होतं! आता इंजिन म्हातारं झालंय. पुस्तक म्हणतं ताशी सव्वादोनशे किलोमीटर. एकशेऐंशी मिळाले तरी देव पावला. तेल पुस्तकापेक्षा जास्त पितं ते वेगळंच. कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. वर आमच्याकडची रीत अशी की मोजे चढवता चढवता फोनवर "निघालोच" म्हणायचं, अन् वेळ सांगायची ती निम्मी.

एका दुपारी माजलगावात मालकांचे वडील वारले. आम्ही पुण्यात. थोरला म्हणून अग्नी यांनीच द्यायचा. मी म्हणालो, "दोन तास सांगा. समोरून वारा आहे, विमानतळ गाठायलाच अर्धा तास जाईल." ऐकतील तर शपथ! धाकट्या भावाला फोनवर म्हणाले, "तासाभरात येतो, थांबा."

वर गेल्यावर फोन बंद अन् यांचं तोंड सुरू. "दाब की बे!" दाबून वाचणार पाच मिनिटं, अन् टाकी निम्म्यावर येणार. मधेच तेल संपलं तर रस्त्याकडेला उभं करायला ही काय जीप आहे? मी चिडून तसं म्हणालोही. मग ते हळूच म्हणाले, "बापाचं तोंड तरी बघू दे रे."  मी थोडं दाबलं. वेगाचा काटा जरासा हलला, तेवढंच.

माजलगावचं धरण दिसलं, अन् त्याच्या पलीकडं धूर.

जवळच्या धावपट्टीवर उतरून गाडीनं स्मशानात पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. चिता चांगलीच पेटली होती.  धाकटा रडत मालकांजवळ आला.

"दादा, तास झाला, दीड झाला, तुमचा फोन लागंना. आमाला वाटलं, आता काई येत न्हाई तुमी. जाणती माणसं म्हणली, दिवस बुडायच्या आत उरका. दोन तास म्हणला असता, तर दोन तास थांबलो असतो की."