स्वस्तातल्या टॅबचं कुलूप

घड्याळ दुरुस्त करायला दिलं की माणूस समोरच बसून राहतो. आपलं घड्याळ उघडं पडलेलं असतं, सोडून जाववत नाही, आणि गप्प बसून करमतही नाही. मग तो बोलतो. मी फार बोलणारा नाही, शाळाही चौथीपर्यंतच झाली, म्हणून ऐकत आलो. चाळीस वर्षं ऐकल्यावर किस्से साठतात, त्याला माझा इलाज नाही.

आता घड्याळं कमी झाली. लातूरला क्लासेसच्या गल्लीत आमचं दुकान आहे, ते माझी लेक संगीता चालवते. मोबाइल आणि टॅब विकते, दुरुस्तही करते. कोपऱ्यात माझं काचेचं टेबल तिनं राहू दिलं आहे. येणारा जो तो टॅबचं गाऱ्हाणं सांगतो, आणि मी डोळ्याला भिंग लावून ऐकतो.

*

लोह्याचे गोविंदराव नातीसाठी स्वस्तातला टॅब घेऊन गेले आणि आठ दिवसांत परत आले. म्हणाले, "ह्यो एका अंगानं बोलतो, दुसऱ्या अंगानं मुका हाय."

संगीतानं मागचं झाकण काढलं. टॅबला आवाजाच्या चार जाळ्या होत्या. त्यातल्या दोन जाळ्यांच्या मागे काहीच नव्हतं, नुसती भोकं. महागाच्या टॅबला चार स्पीकर असतात. झाकणाचा साचा दोघांना एकच, म्हणून स्वस्तातल्यालाही भोकं चारच पडली.

गोविंदरावांनी वाकून एकेका भोकाला बोट लावून बघितलं. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. संगीता झाकण हातात धरून उभी होती.

"आमच्या गावच्या शाळेवानीच हाय की," ते म्हणाले. "खोल्या चार, मास्तर दोन."

मग टॅब पिशवीत घातला आणि जाता जाता दारातून म्हणाले, "पोरं तिथंबी शिकूनच राहिलेत."

*

टॅब कंपनीचा माणूस दर बुधवारी नांदेडहून एसटीनं येतो. निलेश त्याचं नाव. पोरगा स्वभावानं चांगला, खांद्याला मोठी बॅग, बॅगेत माहितीपत्रकं. काउंटरवर टॅब कसे मांडायचे ते त्यानंच संगीताला शिकवलं. डावीकडे लहान, त्याचा उजेड कमी ठेवायचा. उजवीकडे मोठा, त्याच्यावर रंगीत सिनेमा लावायचा. आणि मध्ये एक मधला. मधल्याची किंमत जवळजवळ मोठ्याएवढी, काम मात्र लहानाएवढंच.

मी विचारलं, बाबा रे, हा मधला घेतं तरी कोण?

"कुणीच नाही काका. तो घ्यायला ठेवलेलाच नाही. तो बघितला की माणसाला वाटतं, एवढे घालतोच आहोत तर थोडे अजून घालू आणि मोठाच नेऊ."

हे बोलणं चाललं असतानाच एक रिटायर झालेल्या बाई आल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, बोलण्यावरूनच कळत होतं. तिन्ही टॅब त्यांनी एकेक करून हातात घेतले, चष्मा वर करून बघितले, आणि मधला पुढे सरकवला. म्हणाल्या, लहानावर अक्षर दिसत नाही, मोठा हाताला जड होतो, हाच बांधून द्या.

निलेशचा चेहरा उतरला. तो बाहेर जाऊन गोडाऊनला फोन करून आला आणि माझ्या कानाशी वाकला.

"काका, मधला अख्ख्या गोडाऊनमध्ये नाही. कुणी घेईल असं कंपनीला वाटलंच नव्हतं."

बाईंनी काउंटरवर मांडलेलाच नेला. पुढचे दोन महिने काउंटरवर मधला नव्हता, आणि ते दोन महिने मोठ्याला कुणी विचारलंही नाही.

*

निलेशला मी नावं ठेवत नाही. तरुणपणी मी एका शेठकडे कामाला होतो. शेठ घड्याळाच्या आतल्या एकाच मशीनवर दोन प्रकारच्या डायल लावून घ्यायचे. पांढरी डायल लावली की साधं घड्याळ, सोनेरी लावली की भारीतलं. लावायचो मी.

एका एसटी कंडक्टरनं भारीतलं घेतलं होतं. वीसेक वर्षांनी तेच घड्याळ घेऊन ते माझ्या स्वतःच्या दुकानात आले. उघडलं तर माझ्याच हातचं काम. मला राहवलं नाही. सांगून टाकलं की साहेब, ह्याच्या आत साधंच मशीन आहे, तुमचे जास्तीचे पैसे नुसत्या डायलचे गेले, आणि ती डायल मी लावली होती.

कंडक्टरसाहेबांनी सोनेरी डायलवर अंगठा फिरवला. मग विचारलं, साधं घेतलं असतं तरी वेळ इतकीच बरोबर दाखवली असती का? मी हो म्हणालो.

"मग घोटाळा झाला की हो," ते म्हणाले. "वीस वर्षं माझी गाडी टायमावर सुटून राहिली. मी डेपोत सगळ्यांला सांगायचो, घड्याळ भारीतलं हाय म्हणून. म्हणजे ते सगळं ड्रायव्हरचं होतं."

दुरुस्ती होईपर्यंत ते थांबले नाहीत. ड्रायव्हरला चहा पाजायला गेले.

*

मागच्या पावसाळ्यानंतर सुजाता दुकानात आली. किनवटच्या पलीकडच्या एका गावची मुलगी. तिची आई तिकडे निवासी शाळेत स्वयंपाक करते, आणि त्याच शाळेच्या होस्टेलात राहून ही दहावीपर्यंत शिकली. आता डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला आली आहे. खोलीवर राहते, घरी बोलायला बटणांचा फोन. आईनं दोन शेळ्या विकून तिला टॅब घेऊन दिला होता, तो तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

मोडलं काहीच नव्हतं. तिची अडचण वेगळी होती. क्लासची टेस्ट दर रविवारी असते, खोलीवर बसून द्यायची. प्रश्नपत्रिका व्हॉट्सॲपवर येते आणि उत्तरं क्लासच्या ॲपमध्ये, पडद्यावरच पेनानं लिहायची. कागदाचा फोटो चालत नाही. मोठ्या टॅबवर पडद्याचे दोन भाग होतात, एका भागात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर. हिच्या टॅबवर ते होत नव्हतं. प्रश्न बघायला गेलं की ॲप बंद व्हायचं, परत उघडेपर्यंत वेळ जायचा. तिचे शेवटचे सहा-सात प्रश्न दर वेळी राहून जायचे.

"आजोबा, मी वरच्या बॅचला आहे," ती म्हणाली. "पुढच्या तीन टेस्टवर यादी परत लागणार. खालच्या बॅचला गेले तर हे सर शिकवायला नसतात." आणि मग म्हणाली, "आता शेळ्या पण नाहीत."

बुधवार होता, निलेश बसलेलाच होता. त्यानं सवयीनं मोठ्या टॅबचं माहितीपत्रक काढलं. लहानाच्या आतला मेंदूच छोटा असतो, त्याला दोन भाग झेपत नाहीत, असं तो तिला समजावू लागला.

पाण्यात पडून गेलेला एक मोठा टॅब दुकानात होता, मालकानं तो नेलाच नव्हता. तो संगीतानं उघडला. सुजाताला विचारून तिचाही उघडला. दोन्ही माझ्या भिंगाखाली ठेवले आणि म्हणाली, बाबा, ह्या काळ्या चौकोनावरचे आकडे वाचा.

इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. मी एकेक करून वाचले. आधी मोठ्याचे, मग लहानाचे. घाई केली नाही, दोनदा वाचले. शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे होते.

निलेशनं माहितीपत्रक खाली ठेवलं.

"आतलं एकच असतं काका," तो म्हणाला. "लहानाला वरून कुलूप घालतात."

मी विचारलं, मग किल्ली कुणाकडे असते?

"मोठा टॅब म्हणजेच किल्ली."

*

त्या दिवशी सुजाता तशीच परत गेली. निलेशलाही चैन नव्हतं. ऑर्डर लिहून घ्यायला त्यानं बॅगेतून स्वतःचा टॅब काढला. लहानातला. मग अजून एक काढला, तोही लहानच, काच एका कोपऱ्याला तडकलेली. दोन्ही शेजारी मांडले. एकावर भाव बघायचा आणि दुसऱ्यावर लिहायचा.

संगीतानं विचारलं, तुला कंपनी मोठा देत नाही?

"देते ना ताई. विकायला देते."

आम्ही तिघं हसलो. हसता हसता संगीतानं माझ्या टेबलाखालचा खण ओढला. त्यात लोकांनी सोडून दिलेले टॅब पडलेले असतात.

*

खणातला एक टॅब चालू झाला. त्याचा आवाज गेलेला, कॅमेरा गेलेला, बॅटरी तर अशी की चार्जरची वायर काढली की डोळे मिटायचा. पण प्रश्नपत्रिका दाखवायला काय लागतं? फक्त तो भिंतीपासून हलवता येत नव्हता, एकदा मिटला की परत उठेल याचा भरवसा नव्हता. म्हणून रविवारी सुजाताच दुकानात आली. माझी घड्याळं मी सुपात काढून ठेवली आणि टेबल तिला दिलं. संगीतानं तिचं व्हॉट्सॲप खणातल्या टॅबवर जोडून दिलं. त्यावर प्रश्न, तिच्या टॅबवर उत्तरं. त्या दिवशी तिचा एकही प्रश्न राहिला नाही. मी समोर बसून घड्याळांकडे बघत होतो, पण काम एकाही घड्याळाचं झालं नाही.

दुसऱ्या रविवारी ती तिघींना घेऊन आली. तिच्याच खोलीवरच्या मुली, तिच्याच क्लासच्या पण खालच्या बॅचच्या, तिघींचे टॅब लहानातलेच. दारात उभी राहून मला म्हणाली, "ह्यांचे पण प्रश्न राहतात आजोबा." मी सरकून जागा केली.

टेबल लहान, वायर आखूड, प्रश्नांचा टॅब एकच. दोघी समोर बसल्या, एक बाजूला दाटीवाटीनं. उरली टेबलाची पाठची बाजू, माझी. तिथं सुजाता बसली. तिच्या बाजूनं टॅबवरची सगळी अक्षरं उलटी.

मला वाटलं, हिच्या लक्षात आलं नसेल. मी हळूच टॅब तिच्याकडे वळवला. तिनं मान वर न करता परत मैत्रिणींकडे फिरवला. संगीता मला बाजूला घेऊन म्हणाली, बाबा, ही पोरगी दुसऱ्यांचं भलं करण्यात स्वतःची बॅच घालवणार. तिला सांगायला म्हणून मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. चौघी खाली मान घालून लिहीत होत्या. मध्येच कुणी बोललं तर वेळ जाईल, म्हणून मी पंखासुद्धा वाढवला नाही.

तिसऱ्या रविवारीही तसंच. दोघी समोर, एक बाजूला, आणि सुजाता उलट्या बाजूला. यादी ह्या तीन टेस्टवरच लागणार होती. मी संगीताला म्हणालो, आपण दुसरा टॅब आधीच चालू करायला पाहिजे होता. ती म्हणाली, खणातले सगळे बघितले बाबा, बाकीचे एकही उठले नाहीत.

*

बुधवारी यादी लागली. दुपारी सुजाता एकटीच आली. निलेश काउंटरवर माहितीपत्रकं लावत होता, नवा मोठा टॅब आला होता त्याची. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती हळू बोलते, माझ्यासारखीच.

"वरच्या बॅचला राहिले," ती म्हणाली. "आधी यादीत एकोणतिसावी होते, आता अकरावी आहे. त्या तिघींतली एक पण वर आली."

संगीता खाली बसली. मी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. मग विचारलं, पोरी, उलट्या बाजूला बसून एवढं लिहिलंस तरी कसं?

तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसावं. म्हणाली, होस्टेलात पुस्तक एक आणि आम्ही चौघी. पुस्तक मध्ये ठेवायचं आणि चारी बाजूंनी बसायचं. बाकीच्या माझ्याहून लहान होत्या, म्हणून मी हमेशा वरच्या बाजूला.

"दहावीपर्यंत तसंच वाचलं आजोबा. मला उलटंच पटकन वाचता येतं. सुलट वाचायला थोडा वेळ लागतो."

निलेशला हे पटेना. त्यानं हातातलं माहितीपत्रक उलटं केलं आणि काउंटरच्या पलीकडून तिच्यासमोर धरलं. वरती मोठ्या अक्षरांत टॅबचं नाव होतं, मध्ये हसणाऱ्या मुलीचा फोटो, त्या मुलीच्या हातात पेन, आणि पडद्याचे दोन भाग झालेले. तळाला एक बारीक ओळ होती. मला तर ती रेघच वाटली होती.

सुजातानं मोठी अक्षरं सोडली, फोटो सोडला, आणि बोट न लावता ती ओळ वाचली.

"चित्रात दाखवलेला पेन टॅबसोबत मिळणार नाही."

निलेशनं माहितीपत्रक स्वतःकडे वळवलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि म्हणाला, "अरे, असं लिहिलंय होय?"